फावडं उचलायच्या आधी किल्ला कुणाच्या ताब्यात आहे ते बघ

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. २०-२५ पोरांचा ग्रुप आहे, गावाजवळच्या किल्ल्यावर दर रविवारी श्रमदान करायचंय, टाक्यातला गाळ काढायचा, निखळलेल्या पायऱ्या सिमेंटने बसवायच्या, खाली घरंगळलेली तोफ वर आणून दरवाज्यात ठेवायची, ध्वजस्तंभाला चौथरा बांधायचा. आणि वनरक्षकाने हटकलं म्हणून विचारतोयस की आपल्याच राजाच्या किल्ल्यावर काम करायला परवानगी कसली. मीही एकेकाळी अगदी हेच बोलायचो, त्यामुळे चिडून लिहीत नाहीये.

परवानगी लागते. कुणाची, ते किल्ल्यावर अवलंबून आहे, आणि इथेच निम्मे ग्रुप गंडतात. काही किल्ले केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत (१९५८ चा कायदा), काही राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे (१९६० चा), आणि बरेचसे किल्ले या दोन्ही याद्यांत नाहीतच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेले १२ किल्ले घे, त्यातले आठ केंद्राकडे आणि चार राज्याकडे आहेत. रायगड केंद्राचा, राजगड राज्याचा! प्रतापगड, साल्हेर, खांदेरी राज्याकडे, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा केंद्राकडे. राजगडाचा अर्ज केंद्राच्या ऑफिसात दिलास तर तो तिथेच झोपणार. पायथ्याला किंवा दरवाज्याजवळ संरक्षित स्मारक म्हणून बोर्ड असतो, पण बोर्ड गंजून पडलेलेही खूप पाहिलेत, म्हणून बोर्ड दिसला नाही यावर जाऊ नकोस, सरळ यादी बघ.

यादीत नाही म्हणजे बेवारस असं पण नाही हां. जमीन कुणाची तरी असतेच, वनखात्याची, महसूलची किंवा चक्क खाजगी. तुला वनरक्षकाने हटकलं म्हणजे तुमचा बहुतेक वनखात्याच्या हद्दीत आहे, तलाठ्याकडून सातबारा काढ म्हणजे कळेल. जमीन वनखात्याची असून वर किल्ला संरक्षित असेल तर दोन्हीकडे जावं लागतं, कटकट आहे पण इलाज नाही.

ध्वजस्तंभाचा चौथरा हे बांधकाम झालं. किल्ला केंद्राच्या यादीत असेल तर संरक्षित हद्दीच्या बाहेर १०० मीटरपर्यंतसुद्धा नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगी काढून, हे २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच आलं. तू तर थेट गडावरच बांधायचं म्हणतोयस. त्याच दुरुस्तीने स्मारकाची नासधूस करणाऱ्याची शिक्षा पण वाढली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे नंतर सांगत बसावं लागतं.

आता सिमेंट. हे मी स्वतः केलेलं पाप आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका छोट्या किल्ल्यावर आम्ही तटबंदीच्या दरजा (दगडांमधल्या फटी) सिमेंटने भरल्या होत्या, फोटो भारी आले, गावाने सत्कार केला. जुन्या तटाचं कसं असतं, बाहेरून आतून घडीव दगड आणि मधे दगडमातीची भर. पावसाचं पाणी वरून त्या भरीत उतरतं आणि दरजांतून, चुन्यातून हळूहळू बाहेर पडतं. आम्ही ती वाटच बंद केली. पाणी आत साठत गेलं, दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट सुटलं आणि तिसऱ्यात आठ-दहा फुटांचा तुकडा खाली आला, गंमत म्हणजे आमचं सिमेंट दगडाला तसंच घट्ट चिकटलेलं, तुटले ते दगड. चुना दगडापेक्षा मऊ असतो म्हणून ताण आला की आधी चुना फुटतो, तो परत भरता येतो. दगड परत कुठून आणणार? म्हणून चुनाच, आणि तोही भिजवून मुरवलेला, त्यातला माणूस सोबत असेल तरच. तोपर्यंत निखळलेली पायरी जिथे पडलीये तिथेच राहू दे, फोटो काढून ठेव.

टाक्याच्या गाळाबद्दल मी सिमेंटपेक्षा जास्त कडक आहे. गाळ म्हणजे नुसता चिखल नाही, वरच्या थरात प्लास्टिकच्या बाटल्या असतील पण खाली खापरं, नाणी, तोफगोळे असं काहीही असू शकतं, आणि कुठली वस्तू किती खोलीवर होती यावरूनच अभ्यासक काळ ठरवतात. घमेल्याने उपसून दरीत फेकलं की ते कायमचं गेलं. त्यामुळे संरक्षित असो नसो, पुरातत्त्व खात्याचा माणूस हजर असल्याशिवाय वरच्या कचऱ्याच्या खाली जाऊ नका. आणि काही सापडलं तर ते व्हॉट्सॲपवर फिरवायच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, जमिनीत सापडलेल्या १० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या कुठल्याही वस्तूसाठी १८७८ चा निखात निधीचा कायदा तसं सांगतो आणि तो आजही लागू आहे. कुणाच्या घरी शोकेसमध्ये गेली की संपलं.

तोफेचं पण तेच. हलवायच्या आधी जागेचा फोटो, जीपीएस, लांबी, तोंडाचा व्यास, अंगावरचे आकडे-अक्षरं सगळं नोंदवून खात्याला कळवा, ते हो म्हणाले तरच दोर लावा. ऑइलपेंट फासायचा नाही, वीरगळांना (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतीत कोरलेल्या दगडांना) तर अजिबातच नाही, अक्षरं बुजतात.

मग करायचं काय म्हणशील. भरपूर आहे रे. प्लास्टिक उचला, वाटेवरचं गवत काढा, पाणी जायच्या जुन्या वाटा मोकळ्या ठेवा (यालाही पत्र लागतंच, पण हे लवकर मिळतं). तटात उगवलेला पिंपळ उपटू नका, मुळांबरोबर चिरे निघतात, रोप कोवळं असतानाच खात्याला दाखवा. आणि प्रत्येक बुरुज, टाकं, शिल्प मोजून फोटोसकट नोंदवा. किल्ला राज्य संरक्षित निघाला तर महाराष्ट्र वैभव म्हणून स्मारक दत्तक द्यायची योजना आहे, नोंदणीकृत संस्था असेल तर तिची चौकशी करा.

सातबारा निघाला की गट नंबर आणि कुणाच्या नावावर आहे तेवढं इथे टाक, अर्ज कुणाच्या नावे आणि कसा लिहायचा ते सांगतो. या रविवारी मात्र फावडी घरीच ठेवा, टेप आणि वही घेऊन जा.