पोदेराचा भोंपू वाजला की अंगणात ये

प्रिय बाय,

परवा तू बलकावावर, दारापुढच्या ओट्यावर, बसून बोलत होतीस. हातातला चहा निवला, त्यावर साय धरली, तरी तुझं लक्ष नव्हतं. "मावशी, मी आळशी झालेय," एवढं तू तीनदा म्हणालीस. आळशी माणसाला अशी खंत लागत नाही, बाय. कळंगुटच्या हॉटेलात फ्रंट डेस्क सांभाळायचा, सीझनमध्ये एका आठवड्यात दोनदा शिफ्ट बदलायची आणि घरी येऊन पहाटेपर्यंत मोबाईल. अंग मोडून येणारच.

पेज आणि प्राणायाम यांच्याकडे वळण्याआधी रक्त तपासून घे. हे मी हट्टाने सांगते, कारण पस्तिशीत मी स्वतः सहा महिने वाया घालवले. जिना चढताना धाप लागायची, केस झडायचे, सारखा बर्फ चघळावासा वाटायचा, आणि मी 'रात्रपाळीचा ताण' म्हणत काढे पीत राहिले. शेवटी हिमोग्लोबिन ८ निघालं. बायकांचं निदान १२ तरी असायला हवं. बर्फाची ती ओढ लोह कमी झाल्याची खूण असते, हे नर्स असूनही मला स्वतःच्या बाबतीत सुचलं नव्हतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईड), बी-१२, साखर, एवढं बघ.

तू दाखवलास त्या डब्यावर 'अ‍ॅड्रिनल थकवा' असं छापलं होतं. असा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. २०१६ साली सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही त्याला आधार सापडला नाही. तुझा थकवा खरा आहे, त्याला दिलेलं नाव तेवढं खोटं आहे. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा अ‍ॅडिसन नावाचा आजार मात्र खरोखर असतो. वजन उतरत असेल, त्वचा काळवंडत असेल, उभं राहताना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना लगेच सांग. त्या डब्यातल्या अश्वगंधेने काहींना ताणात थोडा आराम पडतो, पण थायरॉईडच्या गोळ्या चालू असल्या किंवा दिवस राहिले असले तर ती नको. तिने यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत. रिपोर्ट येईपर्यंत डबा बंदच ठेव.

आता दिवसाविषयी. आपलं शरीर कॉर्टिसोल, म्हणजे अंगाला जागं करणारं संप्रेरक, सकाळी सोडतं. जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात ते सर्वांत चढतं आणि मध्यरात्रीकडे उतरतं. हे घड्याळ उजेडावर लागतं. म्हणून सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकू आला की मोबाईल आत ठेवून अंगणात ये. त्याच्याकडून पोळी, म्हणजे आपला गव्हाचा पाव, घे, माडाखाली वीस मिनिटं चाल. पावसाळ्यातल्या ढगाळ उजेडानेही काम होतं. रात्रपाळी करून आलीस त्या दिवशी हे सोड, खिडकीला जाड पडदा लाव आणि झोप.

तू दुपारी दोनपर्यंत नुसत्या कॉफीवर असतेस, त्याचं मला सर्वांत वाईट वाटतं. आपल्या आज्या अकराच्या पेजेला चुकत नव्हत्या. उकडे तांदूळ मोठ्या आचेवर नको, मंद शिजव. दाणा फुटून मऊ झाला पाहिजे, पण विरघळता कामा नये. मीठ घाल, सोबत खारातली कैरी किंवा मुगागाठीचा, म्हणजे मोडाच्या मुगाच्या रश्शाचा, वाडगा. घामात गेलेलं पाणी आणि मीठ त्यातून परत मिळतं, पोटाला आधार होतो. एखाद्या दिवशी तिझान, म्हणजे नाचणीची पातळ खीर, कर, गूळ आणि नारळाचा रस घालून. जेवणात अळसांद्याची (चवळीची) उसळ, तांबडी भाजी, वर लिंबू पिळून. चहा जेवणानंतर तासाभराने, नाहीतर तो लोह अंगी लागू देत नाही. आणि कॉफी दुपारी बारानंतर नको: चारला प्यायलीस तर नऊला निम्मी अंगात असतेच.

दुपारची वामकुक्षी सोडू नकोस. आपल्याकडे म्हापशा-मडगावात दुकानं अजून दुपारची शटर ओढतात, ते उगाच नव्हे. वीस-पंचवीस मिनिटं पुरे, गजर लावून. झोप नाही लागली तर पाठीवर पडून श्वास मोज: चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर. उच्छ्वास लांबला की छातीतली धडधड उतरते, हे मी प्रसूतीच्या खाटांवर शेकडो बायकांत पाहिलंय.

यातलं सगळं एकदम करू नकोस. या आठवड्यात रक्त आणि पेज, बाकीचं नंतर. रोस्टर ठरवणाऱ्याशी बोल. निदान सलग दोन आठवडे एकच पाळी माग. आणि दोन आठवडे कशातच मन लागलं नाही, रडू येत राहिलं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर किंवा मला सांग, आपण दोघी बांबोळीच्या मनोरुग्णालयात जाऊ. मी बरोबर असेन.

रिपोर्ट हातात आला की कळव. दुपारी दीड ते अडीच सोडून कधीही. तेव्हा मी आडवी असते.

तुझी,
मावशी