पासवर्ड गिटहबवर ठेवावेत की पासवर्ड मॅनेजर घ्यावा?

बाणेरमधील आपल्या पाच जणांच्या कार्यालयाने ग्राहकांच्या सर्व्हरचे पासवर्ड गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरील खासगी रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यात) ठेवावेत की वेगळा पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड सुरक्षित जपणारे सॉफ्टवेअर) घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पासवर्डांसाठी पासवर्ड मॅनेजरच घ्यावा आणि गिटहब केवळ कोडसाठी वापरावे.

मुख्य अडचण गिटहब ज्यावर चालते त्या गिट या प्रणालीच्या रचनेतच आहे. गिट प्रत्येक बदलाचा इतिहास जपते. त्यामुळे फाइलमधून पासवर्ड पुसला तरी तो जुन्या कमिटमध्ये (जतन केलेल्या बदलाच्या नोंदीत) शिल्लक राहतो, आणि रिपॉझिटरी क्लोन करणाऱ्या, म्हणजे तिची प्रत उतरवून घेणाऱ्या, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सहसा तो सगळा इतिहास उतरतो. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याची परवानगी काढून घेता येते, त्याच्याकडची प्रत मात्र काढून घेता येत नाही. कोथरूडमधील एका लहान कार्यालयात आम्ही ही चूक केली होती आणि नंतर एक संपूर्ण शनिवार पासवर्ड बदलण्यात घालवला.

याउलट बिटवॉर्डन हे पासवर्ड मॅनेजर सॉफ्टवेअर माहिती आपल्याच उपकरणावर कूटबद्ध करून मगच सर्व्हरकडे पाठवते, शिवाय कोणाला कोणता पासवर्ड दिसावा हे ठरवता येते. कीपास हा दुसरा पासवर्ड मॅनेजर मोफत आहे, परंतु त्याची पासवर्डांची एकच फाइल पाच जणांनी वापरायची म्हटल्यास ती कोठे ठेवायची हा प्रश्न उरतोच, म्हणून मी बिटवॉर्डन निवडेन.

एक अपवाद आहे. स्वयंचलित डिप्लॉयमेंटला (नवा कोड आपोआप सर्व्हरवर चढवण्याला) लागणाऱ्या गुप्त किल्ल्या गिटहब अ‍ॅक्शन्स या गिटहबच्याच स्वयंचलन सुविधेच्या ‘सिक्रेट्स’ विभागात ठेवण्यास हरकत नाही. मात्र तेथे एकदा जतन केलेले मूल्य पुन्हा पाहता येत नाही, म्हणून मूळ नोंद पासवर्ड मॅनेजरमध्ये असू द्यावी.