झडीत कॅमेरा कोणत्या बॅगेत ठेवावा?

प्रश्न : सर, मी अंबाजोगाईला शिक्षिका आहे. फोटोग्राफीचा नाद जुना, पण चांगला मिररलेस कॅमेरा यंदाच घेतला. सोबत किटची लेन्स आणि एक ७०-३०० ची टेलिलेन्स आहे. श्रावणात सुट्ट्या जोडून सौताडा, नळदुर्ग आणि मग अजिंठा असं फिरायचं ठरतंय. पहिली दोन ठिकाणं मिस्टरांच्या मोटारसायकलवर, अजिंठ्याला एसटीनं. दुकानात गेले तर प्रत्येक बॅग 'एकदम वॉटरप्रूफ आहे मॅडम' म्हणून दाखवतात. ऑनलाइन बघावं तर दोन हजारांच्या बॅगेवर तेच लिहिलेलं आणि पंचवीस हजारांच्या बॅगेवरही तेच. माझी मर्यादा आठ हजारांची आहे. काय घेऊ?

उत्तर : ताई, दुकानदार खोटं बोलतोय असं नाही. तो कापडाबद्दल सांगतो आणि आपण ते बॅगेबद्दल ऐकतो, एवढाच घोटाळा आहे. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो. त्या कापडाची झोळी करून तांब्याभर पाणी ओतलं तर खाली थेंब पडणार नाही. पण बॅग शिवावी लागते. सुई जाईल तिथं भोक पडतं, आणि पट्टे जोडतात तिथं तर एकावर एक शिलाया मारलेल्या असतात. त्यात चेन आली. म्हणजे पाणी यायच्या वाटा ठरलेल्या आहेत : शिलाई आणि चेन.

माझा धंदा कॅमेरे दुरुस्तीचा. भिजलेला कॅमेरा आला की मी गिऱ्हाइकाला बॅगही घेऊन यायला सांगतो. कॅमेऱ्याचा तळाचा पत्रा उघडला की बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर बसलेला दिसतो, शेजारच्या बारक्या स्क्रूंची डोकी तांबरलेली असतात. वरची बटणं, फ्लॅश बसवायची खाच मात्र कोरडी ठणठणीत. म्हणजे पाणी वरून पडलेलंच नाही. ते चेनच्या टोकाशी आत शिरलं, कापड आणि अस्तर यांच्या मधून खाली उतरलं, तळाच्या फोमनं धरून ठेवलं आणि कॅमेरा रात्रभर त्या ओल्या फोमवर बसून राहिला. बॅग वरून चाचपली तर कोरडीच लागते. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, 'बॅगेत पाणी गेलंच नाही हो!' मी काही बोलत नाही, तळाचा फोम काढून त्याच्या समोर पिळतो.

म्हणून बॅग बघताना कापड शेवटी बघा, आधी चेन. बाहेरून गुळगुळीत रबरी लेप आणि दात आतल्या बाजूला, अशी चेन बऱ्या बॅगांना असते. वायकेके कंपनीची ॲक्वागार्ड ही त्यातली नावाजलेली. तीसुद्धा पाणी थोपवते, पूर्ण अडवत नाही. कंपनीही तिला वॉटरप्रूफ म्हणत नाही. भुरभुर किंवा एखादी सर ती सहज झेलते. झड लागली की रनर जिथं थांबतो त्या टोकातून झिरपायला लागते. त्या टोकावर कापडाची छोटी टोपी शिवलेली आहे का आणि चेनवर झाकणपट्टी येते का, हे बोट फिरवून बघा. खऱ्या अर्थानं पाणीबंद चेन वेगळ्याच जातीची असते, पाणबुड्यांच्या सूटला लावतात तसली. जाड, ताठ, उघडायला दोन्ही हात आणि जोर लागतो, वर अधूनमधून वंगण द्यावं लागतं. होडीतून फिरणाऱ्यांना ती ठीक आहे.

बॅगेच्या माहितीत 'आयपीएक्स' आणि पुढं आकडा असेल तर तो वाचा. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी चालेल, ६ म्हणजे जोराचा झोत, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आकडा बॅगेचा आहे की नुसत्या कापडाचा, तेही विचारा. '५००० मिमी' असं लिहिलेलं असतं ते कापडाचं असतं, पाण्याचा किती उंच स्तंभ ते पेलतं त्याचं माप. शिलाईबद्दल त्यात अवाक्षर नाही. आकडा कुठलाच नाही आणि नुसतं मोठ्या अक्षरात 'वॉटरप्रूफ' असेल, तर तो शब्द वाचलाच नाही असं समजा.

मग तुम्हाला ७ आकड्याची बॅग हवी का? माझं मत स्पष्ट आहे, नको. आपण पर्जन्यछायेतली माणसं. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर मिळून सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याच्या कितीतरी पट. आपल्याकडं झड लागतेही, नाही असं नाही, पण बहुतेक दिवस सर येते, थांबते, लख्ख ऊन पडतं. फोटो त्या उघडिपीतच मिळतो. त्या वेळी तुम्ही रोलटॉपची, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगेची, गुंडाळी सोडत बसलात तर ढग परत येतात. दुसरं, पाणी आत येऊ न देणारी बॅग आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही. तुषार बसलेला कॅमेरा नुसता पुसून आत टाकला, बॅग बंद केली आणि ती उन्हात गाडीवर राहिली, तर आत कुकर होतो. लेन्सला बुरशी लागायला एवढं पुरतं, आणि ती साफ करायचं बिल बघून तुम्ही मला शिव्या द्याल.

शिवाय श्रावण संपला की ही बॅग धुळीत फिरणार आहे. काळ्या रानातली उन्हाळी धूळ साध्या चेनमधून पिठासारखी आत जाते आणि सेन्सरवर बसते. लेप असलेली चेन तीही अडवते. पैसे चेनवर घाला म्हणतो त्याचं अर्धं कारण हे आहे.

तर घ्यायचं काय? वीस लिटरच्या आसपासची कॅमेरा बॅग, लेपाची चेन, तळाला जाड रबरी किंवा ताडपत्रीसारखं कापड, बाजूनं उघडणारा कप्पा आणि सोबत रेनकव्हर. लोवेप्रोच्या बॅगांच्या नावात 'एडब्ल्यू' असेल तर कव्हर आतच दिलेलं असतं. बाकी कंपन्यांचं विचारून घ्या. बाजूचा कप्पा अशासाठी की एक पट्टा खांद्यावरून सोडून बॅग पुढं फिरवली की कॅमेरा हातात येतो, गाऱ्यात बॅग ठेवावी लागत नाही. हल्ली पाठीकडून उघडणाऱ्या बॅगा बऱ्याच मिळतात. गर्दीत चोरी टाळायला त्या चांगल्या, पण रेनकव्हर पाठीच्या बाजूला नसतंच. रेनकोटवरून ओघळणारं पाणी नेमकं तिथंच उतरतं, आणि त्या बॅगेची मुख्य चेनही तिथंच. पावसाळी फिरण्याला मी ती सुचवणार नाही.

आठ हजारांतले सगळे बॅगेवर घालू नका. सहा-साडेसहात बॅग बसवा आणि उरलेल्यात दहा-बारा लिटरची एक ड्रायबॅग घ्या, ट्रेकवाल्यांकडं असते ती, तोंड गुंडाळून क्लिप लावायची. एरवी ती घडी होऊन खालच्या कप्प्यात पडून राहील. आभाळ फुटलंच तर कॅमेरा आणि लेन्स तिच्यात, आणि ती बॅगेत. पंचवीस हजारांची बॅग जे काम करते त्यातलं बरंचसं असं होतं.

मोटारसायकलवर तुम्ही मागं बसणार. बॅग पाठीवर घेऊ नका. मागच्या चाकाचं चिखल-पाणी थेट तळावर उडतं, वर सांगितलेला फोम आठवा. बॅग उलटी, छातीकडून घाला, म्हणजे ती तुमच्या आणि मिस्टरांच्या मधे राहील. लोंबणारे बंद आधी आत खोचा, चाकात जायला नकोत. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घ्यायचा घोळदार रेनकोट, गाडीवर अजिबात नको.

सौताड्याला विंचरणेचा धबधबा आणि खाली रामेश्वराचं देऊळ. पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा उतरताना कॅमेरा बॅगेतच ठेवा, दोन्ही हात मोकळे. नळदुर्गात बोरी नदीचं धरण भरून वाहायला लागलं की पाणीमहालाशेजारी नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. तिथं पाऊस नसला तरी तुषार चहूकडून येतात आणि लोक नेमके तिथंच बेफिकीर असतात, कारण वर ऊन असतं. रेनकव्हर जवळ जायच्या आधी चढवा. अजिंठ्याला फर्दापूर फाट्यावरून लेण्यांच्या बसनं आत जायचं. लेणी सोमवारी बंद असतात. चित्रांवर फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणून तो घरीच ठेवा. ट्रायपॉड नाही म्हटल्यावर मोठ्या बॅगेची गरजही उरत नाही. पितळखोऱ्यालाही तिकडंच जाऊन येता येईल, पण भर पावसात त्या पायऱ्या उतरायच्या आधी कन्नडला वाटेची चौकशी करा.

आणि घरी आणल्यावर लगेच, कॅमेरा न ठेवता, ही परीक्षा करा. बॅगेचा प्रत्येक कप्पा जुन्या वर्तमानपत्रांच्या बोळ्यांनी भरा, तळाला एक कागद सपाट अंथरा. चेन लावून, कव्हर न घालता, न्हाणीत शॉवरखाली पंधरा मिनिटं उभी ठेवा. मग बाहेरून कोरडी पुसा आणि उघडा. कागदावर ओलीचा डाग कुठं आलाय तीच तुमच्या बॅगेची कच्ची जागा. डाग पट्ट्याच्या मुळाशी असेल तर शिलाईवर आतून सीम सीलर, म्हणजे शिलाईची भोकं बुजवणारा लेप, लावा, ट्रेकिंगच्या दुकानात ट्यूब मिळते. डाग तळभर असेल तर बॅग बदलून मागा. फक्त भिजवलेली बॅग परत घेतात का, हे विकत घेतानाच दुकानदाराकडून वदवून घ्या.

प्रश्न : मी उदगीरला कॉलेजला आहे. मित्राचा जुना डीएसएलआर वापरतो. कॅमेरा बॅग परवडत नाही, कॉलेजचीच सॅक आहे. घरी खताच्या पोत्यातल्या जाड पिशव्या आहेत, त्यात कॅमेरा ठेवला तर चालेल का? आणि ओल शोषायला तांदूळ?

उत्तर : सॅक चालेल, खताची पिशवी नको. युरिया हवेतली ओल ओढून घेतो, आणि पिशवी कितीही धुतली तरी घडीत कण राहतात. ते धातूला खातात. किराणा दुकानातून नवी जाड पिशवी घे, दोन घे, एकात एक. सॅकच्या आत तळाला फोमचा तुकडा, वर पिशवी, तिच्यात टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा. पिशवीचं तोंड पिळून, दुमडून रबर लाव. बाहेरून सॅक भिजली तरी भिजू दे.

तांदळाचा सल्ला सगळे देतात. त्याची पांढरी पूड लेन्सच्या रिंगमध्ये शिरते आणि मग तो कॅमेरा माझ्याकडं येतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेव. चपला-बुटांच्या, बॅगांच्या खोक्यात फुकट येतात, त्या जमा कर. रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात. तवा मात्र वेगळा ठेव, पोळीचा नको. कॅमेरा मित्राचा आहे म्हणून एक सांगतो : भिजलाच तर सुरू करून बघू नकोस. बॅटरी आणि कार्ड काढ आणि बंदच ठेव.

प्रश्न : माझ्या महागड्या कॅमेरा बॅगेचं आतलं कापड चिकट झालंय, काळे पापुद्रे लेन्सला लागतात. बॅग बाहेरून नवीकोरी दिसते. धुतली तर जाईल का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही जाणार. तो वर सांगितलेला पॉलियुरेथेनचा लेपच विरघळतोय. उष्णता आणि दमटपणा मिळाला की काही वर्षांत त्याचं असं होतं, आणि बंद कपाटात ठेवलेली बॅग वापरातल्या बॅगेपेक्षा आधी जाते. धुण्यानं उलट वेग येतो. लेप गेला म्हणजे पाणी अडवणारं काही उरलं नाही. आतले फोमचे कप्पे वेगळ्या कापडाचे असतील तर काढून घ्या आणि दुसऱ्या सॅकमध्ये बसवा. चिकटा लेन्सच्या धातूवर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसा, काचेला लावायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : पावसाळ्यात विमानानं केरळला जाणार आहे. ताडपत्रीच्या कापडाची मोठी वॉटरप्रूफ बॅग बघून ठेवलीय. केबिनमध्ये नेता येईल ना? — एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्याकडच्या देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते, आणि बॅगेचं स्वतःचं वजन त्यातच मोजतात. ताडपत्रीच्या बॅगा रिकाम्याच जड असतात. घ्यायच्या आधी दुकानातच काट्यावर ठेवा. दोन किलोच्या वर गेली तर कॅमेरा, दोन लेन्स आणि चार्जर धरून तुमचा हिशेब जेमतेम बसेल. जास्तीच्या बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात टाकू नका, लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, टोकांवर चिकटपट्टी लावून. तिथं पोचल्यावर एसीच्या खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, चेन लावून. थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेचं दव धरतं, आणि त्या वेळी पुसत बसलात तर ते लेन्सवर फक्त पसरतं.