विशेष शिक्षिका व्हायचंय, पण मन टिकेल का?

प्रश्न : मी बारावी (कला) ५८ टक्क्यांनी उत्तीर्ण झाले. मला विशेष शिक्षिका, म्हणजे दिव्यांग मुलांची शिक्षिका व्हायचंय. पण आमच्या शेजारच्या ताईंनी ही नोकरी दोन वर्षांत सोडली. "मुलांत फरकच दिसत नाही," म्हणाल्या. मी काय शिकू? आणि माझाही उत्साह असाच संपला तर?

उत्तर : आधी शिक्षणाचं. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. (विशेष शिक्षण) करता येतं किंवा पदवी घेऊन दोन वर्षांचं बी.एड. (विशेष शिक्षण). माध्यमिकच्या मुलांना शिकवायचं असेल तर बी.एड.ला पर्याय नाही. प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपास. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस. मान्यता नसेल तर केंद्रीय पुनर्वास नोंदणी, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीत नाव, मिळत नाही, आणि तिच्याशिवाय हे काम करणं १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने गुन्हा आहे. अर्जातच श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता यांसारख्या क्षेत्रांपैकी एक निवडावं लागतं. त्याआधी जवळच्या विशेष शाळेत परवानगी काढून आठवडाभर तरी बसून ये.

आता ताईंचं. त्यांची मेहनत कमी पडली असेल असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा उद्दिष्टच चुकीचं लिहिलेलं असतं. 'मूल स्वावलंबी होईल' असं मुलाच्या वर्षभराच्या शिक्षण-आराखड्यात लिहिलं, तर वर्षानंतरही फरक मोजायचा कसा? त्याऐवजी लिही : 'शर्टची पाच बटणं मदतीशिवाय लावेल, पाचपैकी चार वेळा.' मग शेवटाकडून सुरुवात कर. चार बटणं तू लाव, पाचवं काजात अर्धं सरकवून ठेव, मुलाने फक्त ओढायचं. ते जमलं की पाचवं पूर्ण त्याचं, मग चौथंही. काम रोज त्याच्याच हातून पूर्ण होतं, म्हणून मूल वैतागत नाही.

प्रत्येक प्रयत्नापुढे नोंद कर : स्वतः केलं, सांगून केलं, खुणेने केलं, हात धरून केलं. महिन्याभराने 'हात धरून'च्या जागी 'खुणेने' आलं असेल, तर तो फरकच आहे, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दोन आठवडे एकाच नोंदीवर अडलं तर पायरी आणखी लहान कर. 'हात धरून' हटतच नसेल तर बहुधा मदत आपणच लवकर पुढे करतोय. सूचना दिल्यावर मनात पाच अंक मोजून थांबत जा. घरी आई घाईत बटणं लावून देत असेल, तर शाळेतलं शाळेतच राहतं. तिला एवढंच सांग, रविवारी शेवटचं बटण त्याच्यासाठी सोडा.

एक काळजी मात्र जरूर घे. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत वर्गात मुलं किती, मदतनीस आहे का आणि वाचा-उपचारतज्ज्ञ किती दिवस येतात, हे विचार. एकटीच्या अंगावर वीस मुलं टाकणाऱ्या शाळेत या नोंदी ठेवायलाही वेळ मिळणार नाही. दुसरीकडे पगार थोडा कमी असला तरी पहिली दोन-तीन वर्षं अनुभवी बाईंच्या हाताखाली काढ.