उलटं स्वस्तिक आणि राहिलेल्या चतुर्थ्या

पत्र थोडक्यात: वय २९, इंदूर. राज्यसेवेत चौथ्यांदा अपयश, यंदा मुलाखतीपर्यंत जाऊन. खजराण्याच्या गणपतीला मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं होतं. २१ संकष्ट्या धरल्या, चौदावीनंतर सोडल्या. आई म्हणते, तुझी श्रद्धाच कमी पडली. आता देवापुढे हात जोडावेसे वाटत नाहीत, आणि नवस राहिला म्हणून भीतीही वाटते.

अगं, आधी भीतीचं बघू. नवसात अट असते: काम झालं तर अमुक करीन. खजराण्याची रीतही तीच. इच्छा धरताना स्वस्तिक उलटं, पूर्ण झाली की येऊन सुलटं. तुझं काम झालंच नाही, त्यामुळे तू देवाचं काही देणं लागत नाहीस.

व्रताचं वेगळं. तिथे संकल्प सोडलेला असतो, म्हणून अर्धवट राहिलं की टोचतं. पुढच्या संकष्टीला २१ दुर्वांची जुडी वाहा, जमलं नाही म्हणून क्षमा माग आणि तिथेच थांब. उद्यापन हवंच असेल तर गुरुजींना विचार. पण उरलेल्या सात चतुर्थ्या केवळ आईसाठी कुढत करू नकोस.

तिसरा असतो रोजचा नेम, आणि खरी गल्लत त्यातच झाली. पहिल्या निकालानंतर तू चतुर्थ्या धरल्यास, दुसऱ्यानंतर मंगळवार, तिसऱ्यानंतर अनवाणी खजराणा. उपास वाढत गेले आणि संध्याकाळचा साधा दिवासुद्धा परीक्षेच्या खात्यात जमा झाला. मग निकाल गेला तशी दिव्याचीही इच्छा गेली.

तो दिवा तेवढा त्या खात्यातून बाहेर काढायचा आहे. संकल्पात उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेऊन आपण तिथी, नाव, गोत्र म्हणतो, मग कशासाठी ते म्हणून पाणी ताम्हणात सोडतो. 'अमुक कार्यसिद्ध्यर्थं'च्या जागी तुला हवा तो शब्द परंपरेत तयारच आहे: 'श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थं'. घरोघरी गुरुजी तो म्हणतात, आपलंच लक्ष नसतं. महिनाभर एवढंच म्हणून दिवा लाव. चमचाभर तेल, नामाची एक माळ, १०८ मणी. मेरुमणी आला की थांब, दुसरी माळ नको. उपास तर या महिन्यात एकही नको. रडू आलं तर तिथेच रड, राग आला तर तोही त्यालाच सांग. रुसून का होईना, समोर बस.

जमलं तर एका सकाळी महेश्वरला जाऊन ये. अहिल्याबाईंच्या वाड्यात लिंगार्चन अजून रोज होतं. काळ्या मातीची चिमुकली शिवलिंगं पाटावर ओळीनं मांडतात, पूजा करतात आणि नर्मदेत सोडतात. दुसऱ्या सकाळी पुन्हा ओली माती हातात. १७५४ मध्ये अहिल्याबाईंचे पती कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव वारले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. यातलं काहीच त्यांनी ठरवलेलं नव्हतं. त्यांची पूजाही सुटली नाही आणि कारभारही.

'श्रद्धा कमी पडली' हे आईचं वाक्य मनाला लावून घेऊ नकोस, तीही घाबरली आहे. मुख्य परीक्षेचे आणि मुलाखतीचे गुण वेगवेगळे कागदावर मांड आणि तो कागद तिच्यापुढे ठेव. काय कमी पडलं ते तिथे दिसेल. पुन्हा बसायचं की नोकरी बघायची, हे महिन्यानंतर त्याच कागदावरून ठरव. त्यासाठी देवापुढे चिठ्ठ्या टाकू नकोस, नाहीतर दिवा पुन्हा त्याच खात्यात जाईल.

आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर आजच १४४१६ला फोन कर. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास. देवावर भरवसा असलेल्या माणसानंही हा फोन करावा.

ते उलटं स्वस्तिक राहू दे तिथेच. बुधवारी गेलीस तर या खेपेला मागच्या भिंतीकडे वळू नकोस. समोरून दर्शन घे आणि घरी ये.