नेट धड नसलेल्या गावात कागदकाम पुरं कसं करावं?

तुम्ही विचारलंय की गावी रेंज येते-जाते, व्हिडिओ मध्येच अडकतो आणि हौसेने हाती घेतलेलं कागदकाम दरवेळी अर्धं राहतं, तर नेटशिवाय चालणारी साधनं आणि छापून घ्यायचे साचे कोणते वापरू. मी देवगड तालुक्यातला. पावसाळ्यात आमच्याकडे आधी लाईट जाते, मग टॉवरची बॅटरी उतरली की रेंज. तरी दिवाळीचा कंदील घरचाच असतो.

खरं सांगू? माझं काम रेंज असतानाच जास्त अडायचं. एक साचा उतरवला की दुसरा बरा वाटायचा, कात्री हातात यायचीच नाही. आता बाजाराला जातो तेव्हा सगळं एकदम छापून आणतो आणि काम संपेस्तोवर नवीन काही बघत नाही. शिंपी नाही का, पुठ्ठ्याचा एकच नमुना खुंटीला टांगून वर्षानुवर्षं वापरतो!

साधन म्हणाल तर इंकस्केप, संगणकावर चित्रं रेखाटायचा प्रोग्रॅम. फुकट आहे, एकदा घातलं की नेट लागत नाही. त्यात मिलिमीटरमध्ये रेखाटायचं आणि पीडीएफ करून पेनड्राइव्हवर न्यायचं. साचा एका पानापेक्षा मोठा असेल तर संगणकावरच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये छापताना ‘पोस्टर’ हा पर्याय निवडा, तो चित्राचे तुकडे करून अनेक ए-फोर पानांवर देतो.

सुरुवातीला हा कंदील करा: सहा चौकोन, आठ त्रिकोण, सगळ्या बाजू १० सेंटिमीटर. यात गंमत अशी की प्रत्येक कडेला एकीकडे चौकोन आणि दुसरीकडे त्रिकोणच येतो. म्हणून चिकटवायच्या पट्ट्या फक्त चौकोनांना ठेवायच्या, त्रिकोण कोरे. १ सेंटिमीटरच्या पट्ट्या धरून ए-फोरवर दोन चौकोन बसतात, आणि आडव्या पानावर उलटसुलट मांडले तर आठही त्रिकोण एकाच पानात मावतात. म्हणजे अख्खा कंदील चार पानांचा.

आता माझी फजिती ऐका. चौकोन एका दिवशी छापले, त्रिकोण दुसऱ्या दुकानात. तिथे ‘फिट’ लावलेलं होतं, मला कळलंच नाही. छपाईची कड सोडायला यंत्राने चित्र आक्रसलं आणि १०० मिलिमीटरची बाजू ९६ झाली. घरी येऊन जोडायला बसलो तर एकही कड जुळेना. शेवटी फटींवर सोनेरी पट्टी मारली, पाहुण्यांनी नक्षी म्हणून वाखाणली ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ काढून ठेवतो. ‘ॲक्च्युअल साइज’ सांगायचं, पहिलं पान हातात आलं की दुकानातच पट्टी लावून रेघ मोजायची, मगच पुढची पानं. अमेरिकेतले तयार साचे बहुतेकदा त्यांच्या ‘लेटर’ कागदासाठी असतात, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. त्यामुळे खऱ्या मापात छापलेला तसा साचाही कडेला कापला जाऊ शकतो.

छपाई लेझरवरची घ्या. साध्या इंकजेटची शाई आपल्या घामेजल्या हातांना लागते आणि पांढऱ्या कागदावर निळे ठसे उमटतात. कार्डशीट आणली की लगेच पत्र्याच्या ट्रंकेत. श्रावणात दोन दिवस ओटीवर राहिली की पापडासारखी मऊ पडते आणि घडी नीट बसत नाही. घडीच्या रेघेवर आधी संपलेलं बॉलपेन पट्टीला धरून दाबून ओढा, मगच दुमडा. डिंक पातळ नको आणि जास्तही नको, पाण्याने कागद फुगून सुरकुततो.

चौकोनांच्या मधल्या खिडक्या जोडण्याआधीच कापून आतून रंगीत कागद लावा, नंतर हात आत जात नाही. वरचा चौकोन सगळ्यात शेवटी आणि एकाच बाजूने चिकटवा, म्हणजे बल्ब बदलायला झाकण होतं. दोरी त्या झाकणात ओवू नका, त्याच्या चार कोपऱ्यांना टेकलेल्या खालच्या तुकड्यांत आतून पुठ्ठा लावून ओवा. आणि बल्ब एलईडीचाच, साधा तापला तर कागद करपेल.