ताट वर नेऊ नका

*ताई, नमस्कार.*

*आम्ही ग्वाल्हेरचे. लष्कर भागात, जनकगंजात आमचं जुनं घर आहे. मुलगा बत्तीस वर्षांचा, वेब डेव्हलपर, गुरुग्रामच्या कंपनीत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी आला तो आला, तेव्हापासून इथूनच काम करतो. पगार चांगला, व्यसन नाही, उलट बोलत नाही. पण माणसांत म्हणून मिसळायचं नाही. सातला ऑफिसचं काम संपतं की याचं स्वतःचं काहीतरी सुरू, ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. त्याचे पैसे मिळत नाहीत, मी विचारलंय. जाता-येता दिसतं तेवढं सांगते: स्क्रीनवर सा रे ग म लिहिलेलं असतं, अक्षरांखाली रेघा, टिंबं, पण वाजत काहीच नाही! जर्मनीतला कोणी मुलगा सरोद शिकतो म्हणे, त्याच्याशी रात्री इंग्रजीत बोलतो, हसतोसुद्धा. आमच्याशी मात्र ‘हं’, ‘नको’, ‘ठेव तिथे’.*

*दोन स्थळं येऊन गेली. दुसऱ्या मुलीने विचारलं, रिकाम्या वेळात काय करतोस? मीच म्हटलं, ‘कॉम्प्युटर, दुसरं काय!’ सगळे हसले. पुढे त्यांचा नकार आला. शेजारीण म्हणते, ‘लड़का तो हीरा है, बस कमरे से निकलता नहीं.’*

*मी माझ्याकडून काही कमी पडू देत नाही. खोली माडीवर आहे, तर जेवणाचं ताटसुद्धा वर नेऊन देते. जेवून तो दाराबाहेर ठेवतो, ते खाली आणलं की माझं जेवण. पण आता गुडघ्यांना जिना सोसत नाही. वेळेत सून आली तर मी सुटेन. हे म्हणतात, तू फार विचार करतेस. ते साडेसातला बातम्या लावून जेवून घेतात. त्याने रात्रीचं खूळ सोडावं आणि लग्नाला उभं राहावं, म्हणून त्याला कसं समजावू?*

*— एक आई*

ताई, पत्र तुम्ही लग्नाचं लिहिलंत. मी मात्र ताटापाशीच अडकले, आणि पुढचं सगळं ताटावरूनच लिहिणार आहे.

लष्करातल्या जुन्या घरांचे जिने मी पाहिलेत. उभ्या दगडी पायऱ्या, वळणावर अंधार, कठड्याच्या जागी वरून सोडलेला दोर. दोन्ही हातांत ताट असलं की दोर धरता येत नाही. वाटीतली आमटी हिंदकळू नये म्हणून नजर ताटावर आणि पायरी अंदाजाने. हे तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी रोज करता. शिवाय एका जेवणाला दोन खेपा: भरलेलं न्यायला एक, रिकामं आणायला एक. आणि हे सगळं पत्रात ‘काही कमी पडू देत नाही’ या सदराखाली, दीड ओळीत.

तुमच्या घरात संध्याकाळी तीन पंगती बसतात. साडेसातला यजमान, बातम्यांबरोबर. मग चिरंजीव वर, की-बोर्डाबरोबर. तिसरी तुमची. ती किती वाजता बसते हे तुम्ही लिहिलेलंच नाही. इतरांच्या वेळा तुम्हाला तोंडपाठ आहेत, स्वतःची लिहिण्याजोगी वाटली नाही. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरची थंडी काय असते ते मला सांगायला नको. तुमच्या पानात पोळी पडते तेव्हा तिचं काय झालेलं असतं?

तो माणसांत मिसळत नाही, ही तुमची तक्रार. अहो, पण त्याला खाली उतरायचं जे एक कारण रोज असतं, तेच तुम्ही उचलून वर नेता.

सुरुवात कशी झाली असेल ते मला दिसतंय. लॉकडाउन होता, त्याची मीटिंग चालू होती, कॅमेरा सुरू होता, तुम्ही पाऊल न वाजवता ताट टेबलाच्या कडेला ठेवून आलात. ते ठीकच होतं. मीटिंग संपली, लॉकडाउन संपला, ताट जातच राहिलं. का? तुमच्याच शब्दांत सांगते. ‘जाता-येता दिसतं’ असं तुम्ही लिहिलंय. बाई, माडीवरच्या खोलीतलं जाता-येता दिसत नसतं. त्यासाठी मुद्दाम जावं लागतं. ताट हा तुमचा आत डोकावायचा परवाना आहे आणि तो सोडवत नाही, म्हणून गुडघे झिजवणं चाललंय.

मुलाची बाजू घेते आहे असं समजू नका. बत्तीस वर्षांचा घोडा, लॉजवर उतरलेल्या गिऱ्हाइकासारखं खरकटं ताट दाराबाहेर सरकवतो आणि ते उचलायला आई जिना चढते, हे त्याला दिसत नाही? पायऱ्यांवर तुमचा श्वास लागलेला ऐकू येत नाही? येत असणार. कानाला हेडफोन असतो, एवढीच त्याची सोय. पण पत्र त्याने लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंय. त्यामुळे बोलणी तुम्हालाच खावी लागतील.

आता ते वाक्य, जे तुम्ही अगदी सहज लिहून गेलात: ‘वेळेत सून आली तर मी सुटेन.’ कशातून सुटाल? जिन्यातूनच ना! म्हणजे तुम्ही मुलासाठी बायको शोधत नाही आहात, ताई. तुम्ही जिना चढायला तरणे गुडघे शोधताय. कोणाची तरी शिकलेली, नोकरी करणारी मुलगी दिवसभर आपलं काम उरकून रात्री ताट घेऊन माडी चढेल, रिकामं ताट घेऊन उतरेल आणि मग तिसऱ्या पंगतीला तुमच्या शेजारी बसेल. चार वर्षांनी तिचेही गुडघे बोलायला लागतील. त्या मुलीच्या आईला हे तोंडावर सांगाल का? दुसऱ्या मुलीचा नकार आला याचं तुम्हाला वाईट वाटलं. मला बरं वाटलं.

बिचारीने प्रश्न मात्र लाख मोलाचा विचारला होता. बघायच्या कार्यक्रमात पॅकेज किती, पुण्याला बदली मागता येईल का, घर नावावर आहे का, याच्या पलीकडे कोण जातं? ती गेली. बत्तीस वर्षांच्या अबोल मुलाला जो एकच विषय बोलता आला असता, तोच तिने काढला. आणि त्याने तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्ही वाढून मोकळ्या झालात. सगळे हसले म्हणता. तो हसला का?

तर ते ‘कॉम्प्युटर, दुसरं काय’ म्हणजे नेमकं काय, ते बघू. माझा भाचा याच धंद्यातला. तुमचं नाव-गाव न सांगता त्याला एवढंच विचारलं, की सा रे ग म, खाली रेघा, टिंबं आणि आवाज नाही, हे काय असेल? तो लगेच म्हणाला, ‘मावशी, बंदिशींचं नोटेशन वेबवर चढवत असेल. बसलाय मग तो!’ आणि मग त्याने मला जे समजावलं ते ऐकून मीच थोडी वरमले.

पंडित भातखंड्यांची स्वर लिहायची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर त्यांच्याखाली चंद्रकोर. वहीत पेन्सिलीने हे क्षणात होतं. कॉम्प्युटरला सप्तक कळत नाही. ‘ग’च्या खाली टिंब दिलं की तो ते उर्दू शब्दांतला नुक्ता समजतो, ‘सा’वर दिलं की अनुस्वार. रेघ आणि टिंब दोन्ही एकाच अक्षराखाली आले की एकमेकांवर चढतात. वेलांटीचा ‘नि’ तर छळतोच. त्यातून तीनतालाच्या १६ मात्रा मोबाईलच्या अरुंद पडद्यावर एका ओळीत मावत नाहीत. ओळ भलतीकडे तुटली की बंदिशीचा शब्द एका मात्रेखाली, स्वर दुसरीकडे, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या कुठे. ती ओळ चार-चार मात्रांच्या विभागावरच तुटली पाहिजे आणि फोन आडवा धरला की पुन्हा जशीच्या तशी जुळली पाहिजे. मोठ्या पडद्यावर बसवलं की लहानावर बिघडतं, लहानावर बसवलं की दुसऱ्याच कुठल्या ब्राउझरमध्ये बिघडतं. भाचा म्हणाला, यात रात्री जातात आणि दाखवायला काही नसतं, कारण सगळं नीट बसलं की बघणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष, हे असंच तर असतं.

हा सगळा अंदाज आहे. मी तुमच्या मुलाला विचारलेलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही विचारलंत ते एवढंच, की पैसे मिळतात का.

आणि हे चाललंय कुठे? जिथे माधवराव शिंद्यांच्या काळात, १९१८ साली, भातखंड्यांच्या पुढाकाराने संगीत विद्यालय निघालं त्या गावात. २०२३ साली युनेस्कोने संगीताच्या शहरांच्या यादीत घेतलं त्या गावात. सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या घराचं ‘सरोद घर’ तुमच्या लष्करातच आहे. जर्मनीत बसून कोणी सरोद शिकतो आणि अडलं की जनकगंजातल्या मुलाला फोन लावतो, यात मला तरी खूळ दिसत नाही. रात्रीच का, तर आपल्याकडे साडेदहा होतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा-सात वाजलेले असतात. त्या पोराचंही काम तेव्हाच सुटत असणार. आमच्या वेळी लोक कचेरीतून येऊन पेटी काढून बसायचे, नाटकाच्या तालमींना जायचे, पोस्टाची तिकिटं भिजवून वाळवत बसायचे. कोणी त्यांना यातून काय मिळतं असं विचारत नसे. त्यांची लग्नंही झाली. तुमच्या मुलाचं काम कदाचित अर्धवट राहील, असल्या कामांपैकी बरीचशी राहतात. राहू दे.

तेव्हा त्याला काहीही समजावायचं नाही. करायचं ते एकच: उद्यापासून ताट वर जाणार नाही.

हे चोरून करू नका. सकाळीच सांगून टाका, ‘आजपासून जेवण खाली, साडेआठला वाढते.’ कारण देऊ नका. गुडघ्यांचं तर मुळीच नको. गुडघ्यांचं सांगितलंत की तो म्हणेल, ‘मग मी येऊन घेऊन जाईन’, आणि ताट पुन्हा माडीवर. साडेआठला जिन्याच्या तोंडाशी उभं राहून एकदा हाक मारा. दुसरी नाही. मग आपलं पान घ्या आणि गरम गरम जेवा.

पहिल्या दिवशी तो येणार नाही. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर मेसेज येईल, ‘आई, ताट?’ उत्तर द्यायचं नाही. तुमचा जीव तुटेल, हे मला कळतं. तुम्ही वाईट आई नाही आहात, नको इतक्या चांगल्या आहात. पण एका रात्रीच्या उपासाने बत्तीसाव्या वर्षी कोणी वाळत नाही. झाकून ठेवलेलं त्याला सापडेल, स्वयंपाकघर कुठे आहे ते त्याला माहीत आहे. दोन-तीन दिवसांत स्विगी-झोमॅटो सुरू करेल. करू दे. बेल वाजली की तुम्ही जागची हलू नका. दार खाली आहे, उतरावं त्यालाच लागेल.

आणि ज्या दिवशी जेवायला म्हणून उतरेल, त्या दिवशी लग्नाचा ‘ल’ काढायचा नाही. ‘आज कसं काय दर्शन’ असला टोमणा नाही. त्या सा रे ग मबद्दल चौकशी तर नाहीच, ती तुम्ही मुद्दाम करताय हे त्याला पहिल्या वाक्यात कळेल. आमटी वाढा, तूप हवं का विचारा, आपण जेवा. तो गप्प बसेल, बसू दे. पाच वर्षांची सवय आहे. जेवल्यावर ताट मोरीत त्याचं तो ठेवेल. नाही ठेवलं तर सकाळपर्यंत तिथेच पडू दे.

यजमानांच्या साडेसातच्या पंगतीबद्दल आज काही बोलत नाही. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे, आणि ते पत्र लिहायला त्यांना सांगा.

स्थळांचं म्हणाल, तर मुलगा जोवर स्वतःच्या पायांनी खाली येऊन जेवत नाही, तोवर कोणाच्या मुलीला तुमच्या घरी चहाला बोलवायचा तुम्हाला अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मध्यस्थांना सांगा, दोन-तीन महिने थांबा.

गुडघे या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवून या. आणि महिन्याने मला लिहा. लग्नाबद्दल लिहिलंत तर मी वाचणार नाही. तो किती वाजता खाली येतो आणि तुम्ही किती वाजता जेवता, तेवढं कळवा.